२९ टक्क्यांची गोष्ट : झोप, शुक्राणू आणि विंचूरची रात्रीची लाईट

झोप कमी झाली की पुरुषाचे शुक्राणू २९ टक्क्यांनी घटतात, अशा अर्थाचं वाक्य तुम्ही कुठेतरी वाचलं असेलच. आरोग्याच्या पुरवणीत, एखाद्या व्हिडिओत, नाहीतर थेट फॅमिली ग्रुपवर. आकडा इतका नेमका आहे की त्यावर शंका घ्यावी असं कुणाला वाटत नाही. २९ म्हटलं की कुणीतरी मोजलं असणार. मोजलं होतंच. पण जे मोजलं आणि जे आपल्यापर्यंत पोचलं, त्यात बराच फरक आहे. आज तो शोधनिबंध आपण उलगडून बघू. माझं स्वतःचं काम उंदरांच्या वृषणातल्या पेशींवर आहे, माणसांच्या झोपेवर नाही. तरी शुक्राणू कसा तयार होतो हे रोज डोळ्यासमोर असल्यामुळे काही गोष्टी खटकतात, त्या लिहितेय.

हा आकडा डेन्मार्कमधून आला. टिना कोल्ड येन्सेन आणि सहकाऱ्यांचा निबंध २०१३ मध्ये 'अमेरिकन जर्नल ऑफ एपिडेमिओलॉजी'त छापून आला. डेन्मार्कमध्ये तरुण मुलांना सैन्यभरतीसाठी शारीरिक तपासणीला जावं लागतं. २००८ ते २०११ या काळात तिथे आलेल्यांपैकी ९५३ जणांनी वीर्याचा नमुना दिला, रक्त दिलं आणि झोपेबद्दलची प्रश्नावली भरली. कल्पना उत्तम आहे. वंध्यत्वाच्या दवाखान्यात आलेले पुरुष तपासले तर ते आधीच चाळून आलेले असतात. इथे तसं नाही, साधी तरुण मुलं आहेत. म्हणून हा निबंध मला मनापासून आवडतो. तक्रार आहे ती त्याच्या वाचनाबद्दल.

पहिली गोष्ट, या अभ्यासातला २९ टक्क्यांचा आकडा झोपेच्या तासांवरून काढलेलाच नाही. प्रश्न होते ते झोपेच्या त्रासाबद्दल : झोप लागायला वेळ लागतो का, मधेच जाग येते का, पहाटे लवकर डोळे उघडून परत झोप लागत नाही का, अस्वस्थ झोप होते का. या चार उत्तरांवरून एक गुणांक काढला. गुणांक जितका जास्त तितका त्रास जास्त. ज्यांचा गुणांक ५० च्या वर होता त्यांची शुक्राणूंची घनता, ११ ते २० गुणांक असलेल्यांच्या तुलनेत, २९ टक्क्यांनी कमी निघाली. आता सांगा, पाच तासच पण गाढ झोपणारा माणूस आणि आठ तास अंथरुणात पडून छताकडे बघणारा माणूस, हे दोघे एकच का? या प्रश्नावलीत पहिल्याला त्रास जवळपास शून्य निघेल आणि दुसरा वरच्या गटात जाईल. बातमी मात्र आली ती 'कमी झोप'ची.

दुसरी गोष्ट मला जास्त रंजक वाटते आणि ती जवळपास कुणीच सांगत नाही. ज्यांचा गुणांक ११ च्याही खाली होता, म्हणजे झोपेचा काहीच त्रास नाही असं ज्यांनी सांगितलं, त्यांच्याही वीर्याची प्रत तुलनेच्या गटापेक्षा कमी होती! आलेख उलट्या यू अक्षरासारखा. दोन्ही टोकं खाली, मधला भाग वर. वाईट झोपेने शुक्राणू घटतात हे सरळ कार्यकारण मानलं, तर उत्तम झोपणाऱ्यांचे का घटावेत? एक शक्यता अशी की आपल्याला झोपेचा त्रास अजिबात नाही असं लिहिणारे काही जण प्रश्नावली घाईत भरत होते. दुसरी, झोप आणि शुक्राणू या दोन्हींवर परिणाम करणारं तिसरंच काहीतरी मागे आहे. लेखकांनी स्वतः निबंधात स्पष्ट लिहिलंय की हे कारण आहे की नाही हे पुढच्या अभ्यासांनी ठरवावं. ती ओळ बातमीपर्यंत पोचत नाही, वाटेतच गळते.

चीनमधल्या चोंगचिंगच्या विद्यार्थ्यांवर असाच अभ्यास झाला, तो २०१६ मध्ये आला. तिथे मात्र झोपेचे तास विचारले होते. तिथेही उलटा यू. सात ते साडेसात तासांवर शिखर, आणि गंमत म्हणजे नऊ तासांपेक्षा जास्त झोपणाऱ्यांमधली घट साडेसहा तासांपेक्षा कमी झोपणाऱ्यांपेक्षा ठळक. 'जास्त झोपू नका, बाप होणार नाही' असा मथळा तुम्ही पाहिलाय का कधी? मी तरी नाही.

परत २९ कडे येऊ. या आकड्याच्या शेजारी निबंधात कंसात दोन आकडे आहेत : २ आणि ४८. यालाच कॉन्फिडन्स इंटरव्हल म्हणतात, मागच्या एका लेखात आपण ते सविस्तर पाहिलंय. थोडक्यात, या माहितीशी जुळणारी खरी घट २ टक्केही असू शकते आणि ४८ टक्केही. कांद्याचा भाव विचारल्यावर व्यापारी 'दोनशेपासून अठ्ठेचाळीसशेपर्यंत कितीही' म्हणाला तर तुम्ही गाडी भराल का? बातमीत मधला आकडा येतो, कारण तोच सांगायला सोपा.

आता माझ्या विषयातली खटकणारी बाब. वृषणातल्या मूळ पेशीपासून शुक्राणू तयार व्हायला साधारण ७४ दिवस लागतात. त्यानंतर तो अधिवृषणातून जाताना पोहायला शिकतो, त्यात आणखी काही दिवस जातात. म्हणजे आज दिलेल्या नमुन्यातला शुक्राणू हा अडीच-तीन महिन्यांपूर्वी सुरू झालेल्या कामाचा माल आहे. डेन्मार्कच्या मुलांना झोपेबद्दल विचारलं गेलं ते मागच्या चार आठवड्यांचं. मागच्या महिन्याची झोप नीट नसेल तर त्याआधीचे दोन महिनेही नीट नसतील, असं गृहीत धरल्याशिवाय हे दोन धागे जुळत नाहीत. गृहीतक अगदीच चुकीचं आहे असं नाही. झोपेचा त्रास अनेकांना जुनाच असतो. पण ते गृहीतक आहे, मोजमाप नाही. शिवाय नमुना प्रत्येकी एकच. त्याच माणसाचा पंधरा दिवसांनी दुसरा घेतला तर आकडा सहज वेगळा येतो, म्हणून तर लॅबवाले दुसऱ्यांदा बोलावतात.

आणि २९ टक्के घट म्हणजे मूल होणार नाही असं का? जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या नियमावलीत घनतेची खालची मर्यादा मिलिलिटरला १.६ कोटी शुक्राणू अशी दिली आहे. ज्यांच्या जोडीदाराला वर्षभरात दिवस राहिले अशा पुरुषांपैकी तळाच्या पाच टक्क्यांची ही रेषा. तिच्या खाली असूनही बाप झालेले आहेत, वर असूनही न झालेले आहेत. डेन्मार्कमध्येच पहिलं मूल होण्यासाठी प्रयत्न करणाऱ्या ४३० जोडप्यांवरचा अभ्यास १९९८ साली 'लॅन्सेट'मध्ये आला होता. त्यात घनता साधारण ४ कोटींपर्यंत वाढते तशी दिवस राहण्याची शक्यता वाढते, त्यापुढे मात्र फारशी वाढत नाही असं दिसलं. आता हिशेब करा. एखाद्याची घनता ६ कोटी असेल आणि ती २९ टक्क्यांनी घटली, तर उरले सव्वाचार कोटी. काही बिघडलं नाही. २ कोटीवाल्याची घटली तर १.४ कोटी, तो रेषेखाली गेला. एकच टक्केवारी, एकाला काही नाही आणि दुसऱ्याला दवाखाना. ज्याचं आधीच काठावर आहे त्याच्यासाठी झोपेचा प्रश्न खरा आहे, आणि नेमका तोच माणूस या सरासरीत हरवतो.

झोपेचे तास मुद्दाम कमी करून बघितलेला प्रयोगही आहे. शिकागो विद्यापीठातल्या राशेल लेप्रू आणि इव्ह व्हॅन कॉटर यांनी २०११ मध्ये 'जामा'त तो छापला. दहा निरोगी तरुण, आठ रात्री फक्त पाच-पाच तास झोप, मग दिवसभर ठराविक अंतराने रक्त. दिवसाची टेस्टोस्टेरॉनची पातळी १० ते १५ टक्क्यांनी घटली. इथे कारण आणि परिणाम यांचा क्रम पक्का आहे, कारण झोप संशोधकांनीच कमी केली होती. पण माणसं दहा, आठवडा एक, आणि शुक्राणू त्यांनी मोजलेच नाहीत. मोजून उपयोगही नव्हता, ७४ दिवसांचा हिशेब वर सांगितलाच आहे. हा प्रयोग शुक्राणूंबद्दल म्हणून जेव्हा सांगितला जातो तेव्हा मधली एक पायरी मनाने भरलेली असते.

ही मधली पायरी भरणं धोक्याचंही आहे. ते कसं, ते जरा थांबून सांगते, कारण या विषयातलं खरं नुकसान मला इथे दिसतं. 'झोप कमी म्हणजे टेस्टोस्टेरॉन कमी, टेस्टोस्टेरॉन कमी म्हणजे शुक्राणू कमी' असं डोक्यात बसलं की पुढचं पाऊल सोपं : टेस्टोस्टेरॉन बाहेरून घ्या. तालुक्याच्या गावांपर्यंत जिम पोचल्यात, त्यांच्याबरोबर इंजेक्शनंही पोचलीत. पण वृषणाच्या आत टेस्टोस्टेरॉन रक्तापेक्षा कितीतरी पटींनी जास्त असावं लागतं, आणि ते तिथेच तयार व्हावं लागतं. बाहेरून दिलं की मेंदूला वाटतं भरपूर आहे. पिट्युटरी ग्रंथी एलएच आणि एफएसएच हे दोन संदेश पाठवणं कमी करते. मग वृषणाच्या आतला कारखानाच बंद पडत जातो. रक्ताचा रिपोर्ट छान, दंडही फुगलेले, आणि वीर्यात शुक्राणू शून्य. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्ये याच तत्त्वावर पुरुषांसाठी गर्भनिरोधक म्हणून चाचणी घेतली होती. दर आठवड्याला २०० मिलिग्रॅमचं इंजेक्शन. २७१ पुरुषांपैकी १५७ जणांचे शुक्राणू सहा महिन्यांच्या आत शून्यावर आले. म्हणजे मूल हवंय म्हणून जे औषध घेतलं जातं, ते प्रत्यक्षात मूल होऊ नये म्हणून तपासलेलं औषध आहे! थांबवल्यावर बहुतेकांचं परत सुरू होतं, पण त्याला महिने लागतात.

मला सगळ्यात उपयोगी वाटणारा अभ्यास २०१८ चा आहे, अमेरिका-कॅनडातला, बॉस्टन विद्यापीठाच्या लॉरेन वाइज आणि सहकाऱ्यांचा. शुक्राणू सोडा, दिवस राहिले की नाही तेच बघा, असा त्यांचा सरळ विचार. १,१७६ जोडपी. आठ तास झोपणाऱ्या पुरुषांच्या तुलनेत सहा तासांपेक्षा कमी झोपणाऱ्यांच्या जोडप्यांत दर पाळीचक्राला दिवस राहण्याची शक्यता ०.६२ पट. सहा आणि सात तासवाल्यांत आठ तासवाल्यांपेक्षा म्हणण्यासारखा फरक नाही. म्हणजे 'आठ तास झोपलंच पाहिजे' हा आग्रह यातून निघत नाही. सहाच्या खाली गेलात तर विचार करा, एवढं निघतं.

०.६२ म्हणजे किती? समजा एका जोडप्याला दर महिन्याला २० टक्के शक्यता आहे. ०.६२ पट केली की १२.४ टक्के. वर्षभर हेच चालू राहिलं असं धरलं तर पहिल्या जोडप्यासारख्या शंभरांपैकी सुमारे ९३ जणांना वर्षात दिवस राहतील, दुसऱ्यासारख्या शंभरांपैकी सुमारे ८० जणांना. (खऱ्या आयुष्यात प्रत्येक जोडप्याची शक्यता वेगळी असते, हा फक्त अंदाज यावा म्हणून केलेला कागदी हिशेब.) तेरा जोडप्यांचा फरक लहान नाही. पण कमी झोपूनही ऐंशी घरांत पाळणा हलतो. या अभ्यासातही झोप लोकांनी स्वतः सांगितलेली आहे आणि सहाच्या खालचा गट लहान आहे, हे विसरू नका.

आता हे सगळं विंचूरला घेऊन येते. कारण या सगळ्या निबंधांत झोप ही ज्याच्या त्याच्या हातातली गोष्ट असल्यासारखी येते. सल्लाही तसाच : मोबाईल लांब ठेवा, खोलीत अंधार करा, रोज एकाच वेळी झोपा. आमच्याकडे झोपेची वेळ ठरते फीडरवर. शेतीपंपाची थ्री-फेज लाईट पाळीने येते, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी असली की कांद्याला दारं धरायला रात्रीच जायचं. डिसेंबर-जानेवारीत उन्हाळ कांद्याची लागण चालू असते, निफाडचा पारा राज्यात सगळ्यात खाली गेल्याची बातमी त्याच दिवसांत येते, आणि उसात बिबट्या. ठिबकवाल्या द्राक्षबागांना त्या मानाने बरं, ऑटो स्टार्टर लावलेला असतो. पण लाईट मधेच गेली की उठावं लागतंच. सकाळी दूध, मजूर, नाहीतर उपबाजारात ट्रॅक्टर नंबरला लावायचा. माझ्या चुलतभावाला मी मागे झोपेचं विचारलं तर म्हणाला, "ताई, लाईटचं टाइमटेबल सांग, मग झोपेचं सांगतो." रोज एकाच वेळी झोपा हा सल्ला याला कसा द्यायचा? (आणि त्या रात्री बॅटरी धरून सोबत जाणारी बायको? तिच्या झोपेबद्दल या बातम्यांत ओळही नसते.)

रात्री जागून दिवसा झोपलं तर चालतं का, हा मग इथला खरा प्रश्न. याचं अर्धं उत्तर स्वीडनमध्ये आहे. यॉन अ‍ॅक्सेलसन आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये सात तरुणांना एकदा रात्री आणि एकदा दिवसा झोपवून रक्त तपासलं. टेस्टोस्टेरॉन झोपेत वाढलं आणि जागेपणी उतरलं, मग झोप रात्रीची असो की दिवसाची. घड्याळाचा वाटा फारच थोडा. म्हणजे दिवसा सलग सात तास झोप मिळाली, तर या हार्मोनपुरतं तरी फार बिघडू नये. सात जणांचा छोटा प्रयोग आहे, पण दिलासा देणारा आहे. अडचण ही की ते अंधाऱ्या, शांत प्रयोगशाळेत झोपले होते. आमच्याकडे सकाळी दहाला पत्र्याच्या खोलीत कोण सात तास झोपू देतो?

म्हणून या सगळ्या लिखाणावर माझी मुख्य टीका अशी आहे : रात्रपाळी, सिंचन, ट्रकचा रस्ता यांनी तुटलेली झोप आणि रात्री दोनपर्यंत मालिका बघून तुटलेली झोप, यांना एकाच 'जीवनशैली' नावाच्या पोत्यात भरलं जातं. मग दोष माणसाच्या सवयीचा होतो. त्याचा दुसरा टोकाचा वापरही मी बघितलाय. लग्नाला तीन-चार वर्षं झाली, मूल नाही, सुनेच्या सोनोग्राफ्या, गोळ्या, उपास सगळं झालं. मुलाची तपासणी? 'त्याला कामाचा ताण आहे, झोप नाही, जरा आराम मिळू दे.' झोपेची बातमी इथे ढाल म्हणून येते. वंध्यत्वाच्या साधारण निम्म्या जोडप्यांत पुरुषाचाही वाटा असतो. तो एका साध्या तपासणीने कळतो, आणि ती सगळ्यात आधी व्हायला हवी. सुनेची एकेक तपासणी त्रासाची आणि खर्चाची, याची मात्र एका कपातली, तरीही ती शेवटी होते.

शुक्राणू शून्य किंवा अगदीच थोडे निघाले, तर त्याचं खापर झोपेवर फोडू नका. इतकी मोठी घट कुठल्याच अभ्यासात झोपेच्या नावावर नाही. तिथे व्हेरिकोसील बघावं लागतं, म्हणजे वृषणाजवळच्या शिरा फुगणं. वंध्यत्वाच्या दवाखान्यात येणाऱ्या दर तीन पुरुषांपैकी एकाला ते सापडतं आणि त्यावर उपचार आहे. मोठेपणी झालेला गालगुंड, नळीतला अडथळा, गुणसूत्रांतले दोष, ती जिममधली इंजेक्शनं, हे सगळं बघावं लागतं. दोन वर्षं 'झोप सुधारू दे' म्हणत घालवली तर त्यात बायकोचं वय पुढे जातं, ते परत येत नाही. तपासणीला जाताना दोन ते सात दिवसांचं अंतर ठेवायचं, नमुना शक्यतो लॅबमध्येच द्यायचा. विंचूरहून नाशिकला डबीत घेऊन जायचं म्हटलं तर पोचेपर्यंत तासाभराची मुदत संपते आणि रिपोर्टवर हालचाल उगाच कमी दिसते.

शेवटी, आमच्याच भागात करता येईल असा एक अभ्यास डोक्यात घोळतोय, तो मांडून ठेवते. रात्रीच्या आणि दिवसाच्या पाळीच्या आठवड्यांची तुलना करून काही हाती लागणार नाही. ७४ दिवसांत पाच-पाच आठवडे दोन्ही पाळ्यांचे येऊन जातात, एकाच नमुन्यात सगळं मिसळलेलं असतं. पण मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत एकेक फीडर सौर ऊर्जेवर जाऊन दिवसा लाईट मिळू लागली आहे. कुठला फीडर आधी, कुठला नंतर, हे शेतकऱ्याच्या सवयीवर ठरत नाही. जागा, सबस्टेशन, ठेकेदार यांवर ठरतं. म्हणजे चिठ्ठी टाकून दोन गट केल्यासारखंच जवळपास झालं. सौर झालेल्या फीडरवरचे पुरुष आणि शेजारचे न झालेले, दोघांचे नमुने बदलाच्या आधी आणि बदलानंतर किमान तीन महिन्यांनी, प्रत्येकी दोन. झोप मनगटावरच्या यंत्राने मोजायची, आठवणीने नाही.

अडचणी भरपूर. गोडी छाटणीनंतर द्राक्षावर डाऊनीसाठी एकामागून एक फवारण्या होतात, आणि शेतीतल्या रसायनांनी पुरुष वंध्य होऊ शकतात हे १९७७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या डीबीसीपीच्या कारखान्यात पक्कं सिद्ध झालंय. तो परिणाम झोपेपेक्षा कितीतरी मोठा होता. म्हणून बागायतदार आणि नुसता कांदा करणारे वेगळे धरावे लागतील. तंबाखूची नोंद लागेल. हिवाळ्यात शुक्राणूसंख्या तशीही थोडी जास्त असते असं बऱ्याच देशांत दिसलंय, त्यामुळे दोन्ही गटांचे नमुने एकाच महिन्यात घ्यावे लागतील. आणि सगळ्यात मोठी अडचण, नमुना द्यायला तयार किती जण होतील? डेन्मार्कमध्ये सैन्यभरतीच्या रांगेत ९५३ जण मिळाले. इथे माझ्यासारख्या मुलीने गावात जाऊन विचारलं तर पारावर काय चर्चा होईल याची मला पूर्ण कल्पना आहे. त्यामुळे विचारायला पुरुष सहकारी लागेल, नमुना घ्यायची खोली लासलगावात नाहीतर निफाडला लागेल, आणि रिपोर्ट फक्त त्या माणसाच्याच हातात जाईल, घरच्यांच्या नाही, हे आधी लिहून द्यावं लागेल.

फीडरची यादी मिळवायला मी सुरुवात केलीय. तुमच्या गावात दिवसाची लाईट कधीपासून सुरू झाली, तो महिना आठवत असेल तर खाली लिहा.